मुक्या मोटारीचा पोळा

आष्टीच्या काकासाहेबांनी मोटार आणली, त्या दिवशी गावाला हसायला एवढं मिळालं की माणसं जेवायची विसरली. मोटार कसली, काचेचं कपाटच ते! उंच, काळं, चारी बाजूंनी काचा, आत बसायला मखमलीची गादी. पुढं गोल चाक नव्हतंच, वळवायला एक दांडा आणि चालवायला दुसरा. हँडल मारणं नाही, धूर नाही, फटफट नाही. पोटात पोलादी डब्यांची रांग आणि त्या डब्यांत वीज भरलेली. दांडा ढकलला की बया मांजरीच्या पावलांनी चालायला लागायची आणि माणसाच्या पाठीशी येऊन उभी राहिली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. गावानं पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकलं. मुकी.

परतूरच्या कापसाच्या जिनिंगच्या जुन्या मालकांनी ती कधीतरी हौसेनं मुंबईहून आणवली होती. मालक गेले, हौस गेली, मोटार शेडात पडून राहिली. मग तिकडं जर्मनीची लढाई पेटली आणि इकडं पेट्रोलला रेशन लागलं. परतूर टेसनापासून आष्टीपर्यंत धावणारी सर्व्हिसची मोटार बंद पडली. नेमका त्याच साली काकासाहेबांचा पाखऱ्या बैल बुळकांडीच्या साथीनं गेला. दुसऱ्याला जोड मिळेना, तोही विकावा लागला. नवी जोडी घ्यायची, तर या गड्यानं जमीन पुतण्याला बटाईनं दिली आणि बैलांच्या पैशात मुकी घरी आणली.

द्वारकाबाईंनी, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळींनी, दारात उभं राहून तिच्याकडं एकदा पाहिलं.

"गोठ्यात बांधू का देव्हाऱ्यात ठेवू?" त्या म्हणाल्या, आणि तडक चुलीपुढं जाऊन बसल्या. पाखऱ्याची घुंगरमाळ त्यांनी त्याच दिवशी ट्रंकेत घातली आणि वर कुलूप लावलं. बैल गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या जागी कपाट आलं याचा त्यांना खरा राग होता.

पण राग पोटात ठेवून बाई कामाला चुकणारी नव्हती. मुकीनं बरकत आणली. टेसनावर उतरलेली माणसं, लग्नाच्या करवल्या, कपड्यांची गाठोडी, सगळं तिच्यात बसून यायला लागलं. परतूरला जिनिंगमध्ये पिठाची गिरणी बारमाही चालायची. तिच्या तेलाच्या इंजनाला डायनामो जोडलेला होता, त्याच्यावर मुकी वीज पिऊन घ्यायची. तिथले रामकिसन मिस्त्री तिच्या नाडीचे जाणकार. त्यांनी काकासाहेबांना एकच गोष्ट दहादा बजावली होती.

"डब्यातलं पाणी आटत जातं. मंग वरून पाणी घालायचं. पण विहिरीचं बिलकुल न्हाई. बॉयलरची वाफ थंड करून मी पाणी धरतो, तेच घालायचं."

आणि कापसाचा हंगाम संपून बॉयलर थंड व्हायच्या आधी त्यांनी पावसाळाभर पुरेल एवढं पाणी मोठ्या डब्यात भरून दिलं होतं. काकासाहेबांच्या कमरेत उसण भरलेली. बैठकीखाली वाकून डब्यांची झाकणं उघडायची आणि पाणी घालायचं काम आपसूक द्वारकाबाईंकडं आलं.

इथंच घोटाळा झाला.

द्वारकाबाईंनी जिनिंग आतून पाहिलं होतं. ते चामड्याचे पट्टे, त्यांना चोपडलेली चरबी, सगळीकडं तेलकट काळं. त्या यंत्राच्या पोटातलं पाणी आणि ते कुणाला पाजायचं? घराला घास घालणाऱ्या लक्ष्मीला? मोटारीवर राग असला म्हणून काय झालं, पाखऱ्याला त्यांनी कधी डबक्यावर नेलं नव्हतं. त्यांचं माहेर वडीगोद्रीचं. तिथून गंगा जवळ. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. भाऊ वरचेवर देवासाठी गंगेच्या पाण्याची घागर आणून द्यायचा. बाईंनी मिस्त्रींचं पाणी परसातल्या कण्हेरीला ओतलं आणि गंगेचं पाणी धोतराच्या चौपदरी फडक्यानं गाळून डब्यांत घातलं. घालताना हात जोडले. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असंच त्यांना वाटलं.

आषाढात मुकी दमायला लागली. आधी चढावर रेंगाळायची, मग सपाटीवरही. काकासाहेब घरी येऊन म्हणायचे, "कशानं असं करून राह्यली, काही समजत न्हाई गं." बाईंना काळजी वाटायची. दुखणेकऱ्याच्या तोंडात तीर्थ घालावं तशी त्या आणखी गंगा घालायच्या. मुकी आणखी दमायची.

शेवटी श्रावणात, पोळा आठ-दहा दिवसांवर आलेला असताना, परतूरच्या वेशीबाहेर ती बसली ती बसलीच. आत गावचे भुजंग पाटील होते. पांढरं धोतर, कोल्हापुरी जोडा, आणि खाली घोटाभर चिखल. पाटील उतरले, जोडा हातात घेतला आणि चालायला लागले. मुकीला कुणाच्या तरी बैलांनी ओढून जिनिंगच्या शेडात नेलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पाटलांनी विषय काढला. आष्टीत पोळ्याच्या ओळीला क्रम असतो. पाटलांची जोडी पहिली, काकासाहेबांच्या घराची दुसरी, धर्मराजच्या घराची तिसरी, असा मान बापजाद्यांपासून चालत आलेला.

"काकासाहेब," पाटील म्हणाले, "गेल्या साली तुमचा बैल गेल्ता म्हणून कोणी बोललं न्हाई. औंदा ओळीत काय आणणार? उसनं जनावर चालत न्हाई, ठाऊक आहे ना?"

"घरात जे राबतं ते आणणार. मुकी आणतो."

चावडीवर हशा पिकला. धर्मराज तर डोळे पुसायला लागला. पाटील मात्र हसले नाहीत. चिखल अजून आठवत होता त्यांना.

"आणा की. राबणाऱ्याचा मानच आहे. पण मारुतीपुढच्या तोरणाखालून आपल्या पायानं गेली पाहिजे. ओढून आणली तर तुमची जागा धर्मराजच्या घराला. कबूल?"

"कबूल," काकासाहेब म्हणाले. चावडीवरून घरी न येता ते तसेच परतूरला गेले.

द्वारकाबाईंच्या कानावर हे सगळं संध्याकाळच्या आत आलं. जागा गेली म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. लग्न होऊन आल्या त्या साली सासूनं त्यांना ओसरीवर उभं करून सांगितलं होतं, बघ, पाटलामागं आपली जोडी. सासू गेली, बैल गेले, आता तेवढी जागाच उरली होती.

सकाळी भाकरी बांधून त्या पुतण्याच्या गाडीतून परतूरला पोचल्या. शेडात काकासाहेब मुकीच्या पायरीवर बसलेले, दाढी वाढलेली. रामकिसन मिस्त्रींनी एका डब्याचं झाकण उघडून आत काचेची नळी घातली होती. नळीत गढूळ पाणी आलं, आणि खाली चक्क गाळ.

"काकासाहेब, खरं बोला. हे माझं पाणी न्हाई."

"तुमचंच आहे, मिस्त्री. दुसरा थेंब घातला न्हाई."

"मंग हा गाळ काय आभाळातून पडला? माझं पाणी घालून हे डबे असे झाले असतील, तर त्यांचं आयुष्य संपलं म्हणायचं. दुसरं काय? भंगारात द्या."

काकासाहेबांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "या माळेची आण घेऊन सांगतो..."

"आण घेऊ नका!" द्वारकाबाई ओरडल्याच. भाकरीचं फडकं त्यांच्या हातात तसंच होतं. "माळ खोटी पडंल तुमची. मी घातलं. गंगेचं घातलं. ते यंत्राचं पाणी मी कण्हेरीला ओतलं."

शेडात पिठाच्या गिरणीचा पट्टा तेवढा फटफट करत होता. बाईंना वाटलं, आता हा माणूस चार लोकांत बोलणार, आणि बोलावंच त्यानं. बैल गेल्यावर आपण याला वर्षभर टोचून टोचून बोललो आणि शेवटी याचं पोटच आपण मारलं. त्यांचे डोळे भरून आले.

काकासाहेब पायरीवरून उठले. मग मिस्त्रींकडं वळले.

"मिस्त्री, म्हंजे डबे संपले न्हाईत?"

"संपायला काय झालं? पोलादी माल आहे हा. धुऊन काढले, पाण्यात नवा खार कालवून घातला, तर बराबर चालतील."

"म्हंजे मुकी मेली न्हाई! तिला पाणी लागलं नुसतं!" आणि हा गडी जो हसायला लागला तो थांबेचना. उसण भरलेली कंबर धरून हसला. "अगं, परगावच्या सुनेला पाणी लागतं तसं लागलं तिला! आन् मी हितं तिच्या मर्तिकाला बसलो होतो!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

पण मिस्त्री हसत नव्हते. जुन्या मालकांच्या वेळचा खाराचा एक बंद डबा त्यांच्याकडं होता. तो खार कालवायला आणि मोटारीचे डबे धुवायला वाफेचं पाणी पाहिजे होतं, तेही बरंच. आणि बॉयलर दिवाळीशिवाय पेटणार नव्हता.

"जालन्याच्या दवाखान्यात सुईच्या औषधासाठी असलं पाणी ठेवतात, तिथं मिळंल?" काकासाहेबांनी विचारलं.

"एक बाटली देतील. आपल्याला घागरी पाहिजेत." मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "पाणी उकळायचं, वाफ नळीतून न्यायची, नळी थंड ठेवायची, थेंब थेंब धरायचा. असा सरंजाम मोठ्या मापाचा कुठं..." आणि ते मध्येच थांबून छताकडं बघायला लागले.

तिघांच्याही मनात एकच जागा आली. आष्टीच्या ओढ्यापलीकडं ठेका घेतलेल्या गुत्तेदाराची मोहाच्या दारूची भट्टी होती. ती चतुराबाई चालवायची.

"मी त्या वाटेनं जात न्हाई," काकासाहेब म्हणाले. "माळ आहे गळ्यात. मुकी भंगारात गेली तरी चालंल."

"तुम्ही नका जाऊ," बाई म्हणाल्या. "गंगा मी घातली, मी जाते."

आता हे बोलायला सोपं होतं. आष्टीतली शहाणीसुरती बाई दिवसाउजेडी त्या ओढ्याकडं वळली, तर तिच्या आधी गावात बातमी पोचायची. द्वारकाबाई गेल्या, त्याही भरदुपारी आणि डोक्यावर तांब्याची रिकामी घागर घेऊन. वाटेत धर्मराजची बायको भेटली, तिनं विचारलं, कुठं? बाईंनी सरळ सांगितलं, भट्टीवर. ती बिचारी पुढं काय विचारावं तेच विसरली.

चतुराबाई भट्टीपुढं मोहाची फुलं निवडत बसलेली. वाळकी, उंच, तोंडात तंबाखू. वर बघून तिनं भुवया उचलल्या.

"या या, माळकरीणबाई. पाव शेर देऊ का अर्धा?"

"मावशी, थट्टा करू नका. पाणी पाहिजे."

"पाणी? दारूवाल्याच्या दारात पाणी मागणारी तुम्हीच पयल्या."

बाईंनी सगळं सांगितलं, गंगेपासून चावडीपर्यंत, काही न लपवता. चतुराबाईनं तंबाखू थुंकली. आधी तिला हसू आलं, मग ती हसायची थांबली.

"तुमच्या लक्ष्मीला यंत्राचं पाणी विटाळ वाटलं, आन् माझ्या हंड्याचं चालंल?"

द्वारकाबाईंना लाज वाटली, मनापासून वाटली. "माझं चुकलं म्हणून तर आले, मावशी," त्या म्हणाल्या.

चतुराबाई उठली. हंड्याच्या पोटात हात घालून बघितलं. "वास जाईपर्यंत चिंच आन् राखेनं घासावा लागंल. नळीतून तर नुसतं पाणीच कितीदा काढून फेकावं लागंल. धंदा दोन दिवस बंद. गुत्तेदाराला काय सांगायचं ते माझं मी बघीन. पण फुकट करायची न्हाई."

"काय देऊ? बोला."

"पैसा नको. पोळ्याच्या दिवशी तुमच्या ओसरीवर बसून पुरणाची पोळी खाईन. या गावानं पोळ्याची पोळी मला आजवर लांबून दिली, हातावर टाकून. बसून कधी खाल्ली न्हाई."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांसमोर नवऱ्याच्या गळ्यातली माळ आली. मग पाखऱ्या आला, सासू आली, ती ओळीतली जागा आली. आणि समोर ही बाई उभी होती, जिनं आपल्या तोंडावर दार लावलं नव्हतं.

"याल," त्या म्हणाल्या. "पानावर बसवीन. माझा शब्द आहे." आणि पदर खोचून त्या स्वतःच हंडा घासायला बसल्या.

पाणी निघालं. थेंब थेंब, पण निघालं. नितळ, ना वास ना चव. पुतण्यानं घागरी परतूरला पोचवल्या. मिस्त्रींनी एकेक डबा उलटा केला, धुतला, परत धुतला, नवा खार भरला आणि डायनामोला जोडला. काकासाहेब इंजनापाशी असे उभे, जसा काही त्यांच्याच अंगात करंट भरला जात होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलायच्या सुमाराला, आष्टीच्या वेशीतून मुकी आत आली. आपल्या पायानं. द्वारकाबाई ओसरीवर उभ्या होत्या. आवाज तर यायचा नाहीच, काचेवर ऊन चमकलं तेव्हा त्यांना दिसली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"मिस्त्रींनी एक सांगितलंय," काकासाहेब उतरत म्हणाले. "डब्यांच्या तोंडावर पांढरा फुलोरा येतो, तो कोमट पाण्यानं पुसायचा आन् वर तुपाचा हात फिरवायचा. मलम असतं त्याचं, पण तूप चालतं म्हणाले."

बाई बघतच राहिल्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला कोमट पाणी लावायचं आणि तुपा-हळदीनं खांदा मळायचा, ही खांदमळणी त्यांनी दर साली केली होती. गेल्या साली तेवढी चुकली होती. त्या आत गेल्या, तूप कोमट करून आणलं आणि बैठकीखाली वाकून एकेका डब्याची तोंडं पुसून त्यांवर बोट फिरवलं. हळदीचा टिळा मात्र बाहेरून, दारावर लावला. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाल्या, बैलाला म्हणतात तसंच, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आणि ट्रंकेचं कुलूप काढून पाखऱ्याची घुंगरमाळ आणली. मुकीच्या नाकाडाला ती बांधायला त्या वाकल्या. काकासाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी माळेचं दुसरं टोक धरलं.

पोळ्याच्या दिवशी मारुतीपुढं सगळी आष्टी लोटली. आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. पाटलांची जोडी पुढं, झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. तिच्यामागं झेंडूत बुडालेलं काळं कपाट, आत ताठ बसलेले काकासाहेब. धर्मराज आपल्या जोडीचा कासरा धरून तयारच होता, ही थांबली की पुढं सरकायला. मारुतीपुढं थोडा चढ आहे. मुकी तिथं आली आणि हळू झाली. द्वारकाबाई बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"बसली! बसली!" कोणीतरी ओरडलं.

पण ती बसली नव्हती. पाटलांचा बैल तोरणाला बुजून थबकला होता आणि काकासाहेबांनी दांडा मागं ओढला होता. बैल निघाला. दांडा पुढं गेला. छन छन छन करत मुकी चढ चढली आणि तोरणाखालून पार झाली, आणि मुकी असून ती साऱ्या गावाला ऐकू आली. पोरं बोंबलली, हलगी कडाडली. पाटील मागं वळून बघत होते.

"गेली बुवा," ते म्हणाले. "जागा तुमची, काकासाहेब. चिखल विसरलो."

घरी बाईंनी मुकीची चाकं धुतली, ओवाळलं. ओसरीवर पानं मांडली. एक पान जास्तीचं होतं. काकासाहेबांना त्यांनी रात्रीच सांगून टाकलं होतं, कुणासाठी ते. ऐकून त्यांनी गळ्यातली माळ चाचपली होती आणि आताही त्यांचा हात तिथंच होता.

पुरण निवायला लागलं. चतुराबाई आली नाही. पुतण्याला पाठवलं, तो एकटाच परत आला. म्हणाला, "ती म्हणती, त्या दिवशी मी आपलं बोलून गेले. सणाच्या दिवशी माळकऱ्याच्या ओसरीवर मी कशाला? पोळी पाठवा, हितं खाते."

द्वारकाबाई उठल्या. "मी आणते जाऊन."

"थांब," काकासाहेब म्हणाले. त्यांनी अंगरखा चढवला, टोपी नीट केली. "शब्द तू दिला, पण गाडी माझी आहे. चल."

आणि दुसऱ्या मानाची ती मुकी मोटार, दोघांना पोटात घेऊन, झेंडूच्या माळांसकट, घुंगरं वाजवत, चावडीवरून, मारुतीवरून, धर्मराजच्या दारावरून, ओढ्याकडं वळली. माणसं पंगतीतून उठून बघायला लागली. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. काकासाहेबांनी दांडा ढकलला, मुकी पार झाली.

चतुराबाई दारात भाकरी मोडत बसली होती. घुंगरं ऐकून तिनं मान वर केली. तिच्या अंगणात माळ घातलेला माणूस उतरत होता.

त्यांनी काचेचं दार उघडून धरलं. मखमलीच्या गादीवर हात मारून धूळ झटकली.

"चतुराबाई," ते म्हणाले, "मुकी तुमच्या पाण्यावर चालत आली. आवतण कालच द्यायला पाहिजे होतं, चुकलं आमचं. आज घ्या, आन् आजच जेवायला चला."